ताडोबाला गाडीने निघालात? उजेडात पोहोचा

परीक्षा संपल्या की पुण्या-मुंबईच्या घरांमध्ये एक बेत हमखास शिजतो. यंदा ताडोबाला जायचं, आणि तेही आपल्याच गाडीनं. समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून हा बेत पक्का व्हायला फारसा वेळ लागत नाही. ५ जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग खुला आहे. मुंबईहून नागपूर आठ तासांवर आलं, मग पुढचे दोन-तीन तास ते काय, असा हिशेब मांडला जातो. पहाटे निघायचं, रात्री मुक्कामाला पोहोचायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि दुपारी सफारी करायची, तिसऱ्या दिवशी घरी.

याच आखणीबद्दल मला तुमच्याशी कळकळीनं बोलायचं आहे. आम्ही चंद्रपूरच्या बाजूची माणसं. पाहुणे आले की आम्हाला आनंदच होतो आणि तुम्ही यावं असंच वाटतं. पण या आखणीत दिवसभर गाडी हाकून दमलेला माणूस प्रवासाचा शेवटचा, अनोळखी टप्पा अंधारात कापतो, आणि नेमका तोच टप्पा जंगलातून जातो. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हे की गेटपर्यंतचे शेवटचे ऐंशी किलोमीटर दिवसाउजेडीच पार करा. सुट्टी किती काढायची, मुक्काम कुठे करायचा, घरून किती वाजता निघायचं, हे सगळं त्यावरून मागे मागे मोजत ठरवा.

ताडोबाचं जंगल गेटच्या कमानीपाशी सुरू होत नाही, हे इथं समजून घेतलं पाहिजे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचं, अंधारी अभयारण्य १९८६ सालचं. दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. या गाभ्याचं, म्हणजे कोअरचं क्षेत्र साधारण ६२५ चौरस किलोमीटर आहे. त्याच्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास बफर आहे. बफरमध्ये गावं आहेत, धानाची शेतं आहेत, शाळा आहेत, आठवडी बाजार भरतात, एसटी धावते. वाघही तिथेच राहतो. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्यातला मोठा वाटा एकट्या चंद्रपूर जिल्ह्याचा आहे, आणि ब्रह्मपुरी वनविभागासारख्या भागात तर हे वाघ व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर, शेताच्या धुऱ्याला लागून राहतात. तुम्ही वरोरा ओलांडून चिमूरकडे वळलात, किंवा चंद्रपूरहून मूलच्या रस्त्याला लागलात, की तुम्ही त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहात. त्या रस्त्यावर तिकीट नाही, सोबत गाइड नाही आणि वेगाला आवर घालणारं कोणी नाही. आवर तुमचा तुम्हालाच घालायचा आहे.

आता आखणीकडे येऊ. बहुतेक जण आधी रजा काढतात, मग जाहिरात बघून रिसॉर्ट ठरवतात आणि शेवटी सफारी शोधायला बसतात. हा क्रम उलटा करा. आधी सफारी, तिच्यावरून खोली, आणि मग रजेचा अर्ज. सफारीचं आरक्षण गेटनुसार, तारखेनुसार आणि सकाळ-दुपारच्या फेरीनुसार होतं. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे दिवस फार लवकर भरतात आणि त्या दिवशी पैसेही जास्त पडतात. मधल्या वारी गेलात तर जागाही मिळते आणि गर्दीही कमी असते, फक्त मंगळवारी कोअर बंद असतो हे ध्यानात ठेवा. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. आरक्षणात प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो, आणि गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. आयत्या वेळी मावशीच्या जागी आत्या, असं चालत नाही. आरक्षण वनखात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. हुबेहूब तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं असतात आणि ती मधल्यामध्ये भरमसाट पैसे घेतात. संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि गेट. इथे दरवर्षी किती कुटुंबांची फजिती होते! ताडोबाला एकच दार आहे असं समजून लोक मोहर्लीला खोली घेतात आणि सफारी कोलाऱ्याची काढतात. नकाशावर दोन्ही नावं एकाच हिरव्या ठिपक्यात दिसतात. पण मोहर्ली दक्षिणेकडे, चंद्रपूरच्या अंगाला आहे आणि कोलारा उत्तरेकडे, चिमूरच्या अंगाला. मधल्या जंगलातून तुम्हाला तुमच्या गाडीनं जाता येत नाही, सगळा वळसा बाहेरून घालावा लागतो आणि त्याला किमान दोन तास लागतात. पहाटेची सफारी असेल तर हे दोन तास मध्यरात्रीनंतरच्या अंधारात, जंगलाच्या कडेकडेनं काढावे लागतील. यापेक्षा वाईट नियोजन मला सुचत नाही. नवेगावचं गेटही उत्तरेला, चिमूरच्या बाजूला आहे. खुटवंडा पश्चिमेला, आणि झरी व पांगडी कोळसा नावाच्या वनक्षेत्राकडे, मूल-चंद्रपूरच्या बाजूनं. ज्या गेटची सफारी, त्याच गेटजवळचा मुक्काम, हे सोडू नका. दोन वेगळी गेटं बघायचीच असतील तर मधला एक दिवस सफारीविना ठेवा आणि दुपारच्या उजेडात मुक्काम हलवा.

कुठलं गेट चांगलं, असं मला नेहमी विचारतात. वाघ कुठे दिसतो, असा त्या प्रश्नाचा अर्थ असतो. वाघ महिन्या-महिन्याला जागा बदलतात, वाघिणी बछड्यांना घेऊन सरकतात, आणि कोणत्याही गेटवरून खात्री देता येत नाही. तुम्ही कुठून येताय त्यावरून गेट ठरवा. नागपूरकडून येणाऱ्याला उमरेडवरून चिमूर आणि पुढे कोलारा किंवा नवेगाव जवळ पडतं. वर्ध्याकडून जाम-वरोरा करत येणाऱ्याला मोहर्ली सोयीचं. मोहर्लीच्या रस्त्यावर चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र लागतं, दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणी लागतात, आणि मग अचानक सागाचं रान सुरू होतं. वाघाचं घर कशाला टेकून उभं आहे हे त्या रस्त्यावर दिसतं. मुलांना ते दाखवा. मात्र खाणीचे ट्रक सांभाळा, आणि हाही रस्ता उजेडातच करा.

रस्त्याबद्दल थोडं सविस्तर सांगते. मुंबईहून येणाऱ्यांनी समृद्धीवरून थेट नागपूरला जायची गरज नाही. वर्ध्याकडे उतरून जाम आणि वरोऱ्याच्या रस्त्याला लागता येतं. पुण्याची मंडळी अहिल्यानगरवरून छत्रपती संभाजीनगरला येऊन समृद्धी धरतात. पुण्यापासून चंद्रपूर साडेसातशे किलोमीटरच्या आसपास आहे. हे अंतर एका दिवसात होतं का? गाडीकडून होतं. माणसाकडून, मागच्या सीटवर मुलं आणि आजी-आजोबा असताना, होऊ नये. मधे एक रात्र थांबा. संभाजीनगरला थांबलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे निघून दुपारी वरोऱ्याला याल. मला स्वतःला वर्ध्याचा मुक्काम जास्त आवडतो. सेवाग्रामचा आश्रम संध्याकाळी शांत असतो. १९३६ साली गांधीजी या गावात राहायला आले, आणि मातीच्या भिंतींची ती कुटी बघताना मुलं आपोआप हळू बोलायला लागतात. सकाळी निवांत नाश्ता करून निघालात तरी दुपारच्या जेवणाला तुम्ही गेटजवळ असता. वाटेत मेहकरच्या बाजूला उतरून लोणारचं सरोवर बघता येतं. वरोऱ्याला आनंदवन आहे, बाबा आमट्यांनी १९४९ साली उभं केलेलं. कोलाऱ्याला जाणाऱ्यांच्या वाटेवर चिमूर लागतं. १६ ऑगस्ट १९४२ ला या गावानं इंग्रजी राजवटीविरुद्ध उठाव केला होता. एवढं सगळं वाटेवर असताना डोळे मिटून ताडोबाकडे धावत सुटण्यात काय मिळतं?

समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. ती कमाल मर्यादा आहे, तेवढ्या वेगानं गेलंच पाहिजे असं नाही. हा रस्ता सरळ आणि एकसुरी आहे. वळण नाही, गाव नाही, समोरून वाहन नाही, त्यामुळे डोळे उघडे असून मेंदू झोपतो. इथले कितीतरी अपघात झोपेमुळे आणि टायर फुटल्यामुळे झाले आहेत. दर दोन तासांनी थांबा, खाली उतरून चाला, आणि घरात गाडी चालवणारी दोन माणसं असतील तर आलटून पालटून चालवा. चालवणारा एकटाच असेल तर मधला मुक्काम टाळूच नका. खाण्यापिण्याच्या आणि स्वच्छतागृहाच्या सोयी लांब लांब अंतरावर आहेत, तेव्हा पाणी आणि खाऊ सोबत असू द्या.

टायरचं मी खास सांगणार आहे. सिमेंटचा रस्ता एप्रिल-मेमध्ये तापतो, त्यावर तासन् तास वेगानं फिरणारं रबर तापतं, आणि टायर जुना किंवा कमी हवेचा असेल तर दगा देतो. टायरच्या बाजूवर लहान चौकटीत चार आकडे असतात. २३२१ असेल तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी चांगली दिसते म्हणून टायर चांगला असं नसतं. पाच-सहा वर्षांचा टायर असेल तर निघण्याआधी जाणकाराला दाखवा. हवा गाडी थंड असताना भरा, गाडीवर कंपनीनं लिहून दिलेल्या आकड्याइतकीच, आणि सामान-माणसांनी भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असेल तर तो पाळा. स्टेपनीतली हवाही बघा, ती कोणी बघत नाही. जंगलाजवळ सीएनजी किंवा चार्जिंग मिळेल या भरवशावर राहू नका. वरोरा, चंद्रपूर किंवा चिमूरला टाकी भरून घ्या. पुढे मोबाइलची रेंजही येते-जाते. मुक्कामाचा रस्ता आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, मुक्कामाच्या ठिकाणचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून घ्या, आणि थोडे रोख पैसे जवळ असू द्या.

आता समजा, कितीही ठरवलं तरी उशीर झाला आणि वरोऱ्यालाच दिवस मावळला. तर माझं ऐका, वरोऱ्याला किंवा भद्रावतीला खोली घ्या. मुक्कामाचे आगाऊ पैसे बुडाले तर बुडू द्या. पुढच्या रस्त्यावर रात्री काय असतं ते सांगते. दिवसभर तापलेल्या डांबरावर रातवे येऊन बसतात आणि दिव्याच्या झोतात दिपून तिथंच राहतात. साप ऊब घ्यायला येतात. उदमांजर, रानमांजर, ससे, रानडुकरं रस्ता ओलांडतात. चितळाच्या डोळ्यांवर प्रखर दिवा पडला की ते पळत नाही, गोठून उभं राहतं. पहाटे त्या रस्त्यानं चालत जाणाऱ्याला यातले कितीतरी जीव चिरडलेले दिसतात. वाघाचा मृत्यू बातमीत येतो, यांचा कोणी हिशेब ठेवत नाही. नागपूरच्या उत्तरेला राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. तिथे महामार्ग खांबांवर उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली आहे, त्यातली सगळ्यात लांब वाट ७५० मीटरची आहे, आणि तिथल्या कॅमेऱ्यांत वाघसुद्धा त्या वाटेनं जाताना टिपले गेले आहेत. वाट दिली की प्राणी ती घेतात. पण ताडोबाभोवतीच्या साध्या रस्त्यांखाली अशी वाट नाही. तिथे ती वाट तुम्हीच द्यायची आहे, वेग कमी करून.

दिवसासुद्धा बफरमधून जाताना ताशी चाळीसच्या वर जाऊ नका. एक चितळ रस्ता ओलांडून गेलं की लगेच वेग घेऊ नका, मागून कळप येतो. वाघ, बिबट किंवा अस्वल रस्त्यावर दिसलं तर लांबच थांबा, दिवे मंद करा, काचा वर घ्या आणि त्याला जाऊ द्या. खाली उतरू नका, हॉर्न वाजवू नका, फोटोसाठी गाडी पुढे सरकवू नका आणि मागे मागे तर मुळीच जाऊ नका. अस्वलाला लोक गमतीनं घेतात. आमच्याकडच्या गावकऱ्यांना विचारा, समोरासमोर आलेल्या अस्वलाची त्यांना किती धास्ती असते ते. मोटारसायकलवरून येणाऱ्या तरुणांना तर माझी हात जोडून विनंती आहे, संध्याकाळी पाचनंतर या रस्त्यांवर राहू नका. आणि वानरांना खायला टाकू नका. एकदा गाडीतून बिस्किट मिळालं की ती रस्त्यावर येऊन बसतात आणि पुढच्या गाडीखाली जातात. लेकुरवाळ्या माकडिणीला पोळी दिल्याचं पुण्य लागत नाही, तिचं पिल्लू मरतं.

या रस्त्यांवर माणसंही असतात, आणि त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. ती वेचायला बायका-मुलं भल्या पहाटे रानात जातात. मे महिन्यात तेंदूपानाचा हंगाम येतो. काही आठवड्यांच्या या कामातून आलेल्या पैशावर कुटुंबाच्या कितीतरी गरजा अवलंबून असतात. तुमची सफारी आणि त्यांची मजुरी, दोन्हींची वेळ एकच, पहाटेची. तुम्ही जिप्सीत बसलेले असता, त्या पायी आणि वाकलेल्या. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये स्वाती ढुमणे या वनरक्षक ताडोबाच्या गाभ्यात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी फिरत असताना वाघिणीनं त्यांचा जीव घेतला. ज्या जंगलात आपण वाघ दिसावा म्हणून पैसे भरून जातो, त्याच जंगलात वाघ दिसू नये अशी प्रार्थना करत रोज जाणारी माणसं आहेत. म्हणून रस्त्याच्या कडेला मोळी घेऊन चालणारी बाई दिसली तर तिच्या अंगावर धूळ उडेल अशा वेगानं जाऊ नका. काच खाली करून, ‘वाघ दिसला का हो?’ असं हसत विचारू नका. आणि गावात जेवा, गावातलं घ्या, शक्य असेल तर गावकऱ्यांनी चालवलेल्या घरगुती मुक्कामात राहा. वाघामुळे ज्यांची गुरं जातात, पिकाची राखण करताना ज्यांना रात्री मचाणावर काढाव्या लागतात, त्यांच्या घरात वाघामुळेच दोन पैसे यावेत, हे न्यायाचं आहे. जवळच्या बफर गेटांवरून एखादी सफारी घ्या, तीही चांगली असते. तिथले गाइड त्याच गावांतले असतात, आणि काही ठिकाणी मुली आणि बायाही गाइड म्हणून काम करतात.

मुक्काम ठरवताना एक प्रश्न जरूर विचारा: रात्री गाणी लावता का? जे लावतात तिथे राहू नका. तुम्ही ग्राहक आहात, तुमच्या एका नकारानं जेवढा फरक पडतो तेवढा परिपत्रकानं पडत नाही. वाढदिवसाचे फटाके, मोठे दिवे, आकाशात सोडलेले कंदील, यातलं काहीही जंगलाच्या कडेला नको. उन्हाळ्यात सागाची वाळलेली पानं घोटाभर साचलेली असतात आणि विडी-सिगारेटचं एक थोटूक पुरतं.

कधी यावं याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर मे महिन्यात येऊ नका. पानगळ झालेली असते, प्राणी पाणवठ्यावर येतात, त्यामुळे तेव्हा दिसण्याची शक्यता जास्त असते हे खरं. पण चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो, आणि दुपारच्या सफारीत उघड्या जिप्सीत बसलेल्या सत्तरीच्या माणसाला ते सोसवत नाही. चांगलं मोठं रुग्णालय म्हणजे चंद्रपूर, आणि ते दर गेटपासून जवळ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात या. गवत पिवळं पडायला लागलेलं असतं, ताडोबा तलावाच्या आणि इरई धरणाच्या पाण्यावर पाहुणे पक्षी असतात, आणि दिवसभर बाहेर राहता येतं. मात्र डिसेंबरातली पहाटेची जिप्सी हाडं गोठवते. स्वेटर, कानटोपी आणि एक घोंगडी घेऊनच बसा, ऊन चढल्यावर काढता येतं. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतो, बफरची काही गेटं पावसाच्या मानानं चालू राहतात. जंगल हिरवंगार बघायचं आणि वाघाचा हट्ट नसेल तर तेव्हाही या.

सफारीला तुमची गाडी बाहेरच राहते. आत वनखात्याकडे नोंदलेली जिप्सी आणि तिच्यासोबत गाइड असतो. मोबाइल आत नेता येत नाही. मला हा नियम मनापासून आवडतो. चार तास तुम्ही फक्त बघता आणि ऐकता, आणि घरातल्या पोरांना चितळाचा इशारा आणि वानराचा खोकल्यासारखा आवाज यांतला फरक कळायला लागतो. कपडे मातकट रंगाचे, सुती आणि सैल असावेत. धुळीसाठी रुमाल हवाच. पाण्याची भरून घेता येईल अशी बाटली आणा. मधे ठरलेल्या थांब्यांखेरीज खाली उतरता येत नाही, तेव्हा निघण्याआधीच उरकून घ्या. पाठीचं दुखणं असलेल्यांनी मधल्या सीटवर बसावं, मागच्या सीटवर दणके जास्त बसतात. गरोदर बायांनी ही सफारी करू नये.

आणि जिप्सी सुरू होण्याआधी गाइडला आणि चालकाला एक वाक्य सांगा: ‘वाघ नाही दिसला तरी आमची तक्रार नाही, आम्हाला जंगल दाखवा.’ हे वाक्य किती कामाचं आहे ते समजावं म्हणून उमरेड-कऱ्हांडल्याची गोष्ट सांगते. ३१ डिसेंबर २०२४ ला तिथल्या गोठणगावच्या सफारीत एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले आणि पर्यटकांच्या गाड्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी अडवून धरलं. चित्रफिती सगळीकडे फिरल्या, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालकांवर आणि गाइडवर कारवाई झाली. कारवाई व्हायलाच हवी होती. पण गाडी पुढे घ्या, अजून पुढे घ्या, असा आग्रह कोण करतं? बक्षिसाचे पैसे वाघ दिसल्यावरच कोण काढतं? सहा माणसं मागून रेटत असताना ज्याचं पोट त्या फेरीवर आहे तो चालक किती वेळ नाही म्हणेल? तुम्ही आधीच सांगितलंत की त्याच्यावरचं ओझं उतरतं. मग तो गाडी थांबवतो, इंजिन बंद करतो, आणि बिजा कोणता, धावडा कोणता, सालईची साल कशी सुटते, हे दाखवतो. रानकुत्र्यांची टोळी, गव्याचा कळप, नवरंगाची शीळ, मगरीचं पाण्याबाहेर आलेलं नाक हे सगळं घाईत निसटून जातं. बक्षीस द्यायचं तर वाघ दिसला नाही तरी तेवढंच द्या.

कोअरमधून फिरताना जामणीसारखी मोकळी कुरणं लागतात. तिथे पूर्वी गाव होतं. माणसं उठून बाहेर वसली, शेतांचं गवत झालं आणि आता तिथे चितळ-सांबर चरतात. गाइडला त्याबद्दल विचारा. कदाचित त्याचंच कोणी नातेवाईक त्या गावातलं असेल. ताडोबा तलावाच्या काठी तारू देवाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना पडलेला हा गोंडांचा पुढारी, अशी त्याची कथा सांगतात. त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव आलं असं मानतात. पौषात तिथे यात्रा भरते. आदिवासी बांधवांचं ते देवस्थान आहे हे लक्षात ठेवून तिथून जा.

दिवसांचं गणित असं ठेवा: जाताना वाटेत एक रात्र, गेटजवळ तीन रात्री, आणि त्यात तीन किंवा चार सफाऱ्या, त्याहून जास्त नाहीत. सकाळ-दुपार रोज सफारी केली की दुसऱ्या दिवशी मुलं जिप्सीत झोपतात आणि मोठी माणसं चिडचिडी होतात. एक पूर्ण दिवस मोकळा सोडा. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट आणि महाकालीचं मंदिर बघा, भद्रावतीची विजासन लेणी बघा, सकाळी तर्री-पोहे खा. एवढी रजा नसेल तर गाडीचा हट्ट सोडून रेल्वेनं नागपूर किंवा बल्लारशाला या आणि पुढे स्थानिक चालकाची गाडी करा. त्याला रस्ता ठाऊक असतो आणि तुम्ही ताजेतवाने असता.

परतीच्या दिवसाचं मात्र बहुतेकांच्या डोक्यात नसतं. शेवटच्या दिवशी पहाटेची सफारी करून, दहाला अंघोळ उरकून, अकराला साडेसातशे किलोमीटरच्या प्रवासाला निघायचं, हा बेत येतानाच्या बेताइतकाच वाईट आहे. पहाटे चारला उठलेला माणूस दुपारी तीनला, पोट भरलेलं असताना, समृद्धीच्या सरळ रस्त्यावर गाडी हाकत असतो. शेवटची सफारी आदल्या दिवशी उरका. रात्री पूर्ण झोप घ्या, उजाडल्यावर नाश्ता करून निघा आणि संध्याकाळच्या आत संभाजीनगरला किंवा शिर्डीला थांबा. घरच्यांना सोमवारऐवजी मंगळवारी पोहोचतो म्हणून आधीच कळवून ठेवा, आणि कचेरीतही तसंच सांगा.